‘चक्कर येते’ एवढंच सांगून थांबू नका

चक्कर येत असेल तर एमआरआय काढावा का, मानेला पट्टा बांधावा का, गोळी आयुष्यभर घ्यावी लागेल का आणि कोल्हापुरात दाखवायचं तरी नेमकं कुणाला, हे चार प्रश्न वाचकांकडून पुन्हा पुन्हा येतात. चारही प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण चारही घाईचे आहेत. त्यांच्या आधीचा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही: चक्कर येते म्हणजे तुम्हाला नेमकं काय होतं?

या बाबतीत मराठीत शब्दांची ददात नाही. बसल्या जागेवरून झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. उपाशीपोटी उन्हात उभं राहिलं की घेरी येते, भोवळ येऊन माणूस खाली बसतो. भिंती, छत, पंखा सगळं फिरताना दिसतं तेव्हा गरगरतं. डोकं शांत असूनही चालताना पाय भलतीकडे पडतो तेव्हा झोक जातो. घरात आपण हे शब्द नेमके वापरतो. दवाखान्याच्या पायरीवर मात्र ते गळून पडतात आणि डॉक्टरांच्या टेबलापर्यंत फक्त ‘चक्कर येते’ एवढंच पोचतं. मग कागदावर ‘व्हर्टिगो’ असं लिहिलं जातं आणि घरी येऊन आपण सांगतो, ‘मला व्हर्टिगो झालाय.’ पण व्हर्टिगो हे रोगाचं नाव नाही. गरगरण्याच्या तक्रारीचं ते इंग्रजी नाव आहे. ‘ताप आलाय’ म्हटल्यावर मलेरिया की टायफॉइड हे जसं ठरत नाही, तसंच इथेही काही ठरलेलं नसतं. चक्करेच्या बाबतीत निदानाचा सर्वांत मोठा भाग यंत्रात नसून रुग्णाच्या सांगण्यात असतो, आणि ते सांगणं नीट झालं तर पुढचे बरेच खर्च, गोळ्या आणि भीती टळते. तेवढंच या लेखात पटवून द्यायचं आहे.

आधी धोक्याची लक्षणं

कानाची चक्कर कितीही त्रासदायक असली तरी सहसा जिवावर बेतत नाही. मेंदूच्या मागच्या भागाचा रक्तपुरवठा अडून येणारी चक्कर मात्र बेतू शकते. गरगरण्यासोबत खालीलपैकी एकही गोष्ट असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा.

- बोलणं जड होणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा अथवा बधिर पडणं
- एकाच्या जागी दोन दिसणं, गिळताना ठसका लागणं
- आधार दिल्याशिवाय बसता किंवा उभं राहता न येणं
- पूर्वी कधीच झाली नव्हती इतकी तीव्र डोकेदुखी किंवा मानेच्या मागे अचानक कळ
- छातीत दुखणं, धडधड किंवा शुद्ध हरपणं
- एका कानाने अचानक ऐकू येणं बंद होणं

रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. चंदगड, आजरा किंवा गगनबावड्याहून कोल्हापूर गाठायचं तर त्यातला मोठा वेळ वाटेतच जातो. त्यामुळे ‘सकाळपर्यंत बघू’ हे वाक्य इथे महागात पडतं. रक्तदाब, मधुमेह किंवा तंबाखूची सवय असेल आणि आयुष्यात पहिल्यांदाच तासन्‌तास न थांबणारी गरगर सुरू झाली असेल, तर बाकी काही लक्षण नसलं तरी रुग्णालयात जा. तिथे लगेच काढलेला सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका. मेंदूच्या मागच्या भागातला ताजा झटका सीटीवर बऱ्याचदा दिसत नाही. न थांबणाऱ्या चक्करेत डोळ्यांच्या हालचालींची खाटेजवळची नीट तपासणी पहिल्या दोन दिवसांतल्या एमआरआयपेक्षाही अधिक अचूक ठरू शकते, असं २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. मात्र ही तपासणी सराव असलेल्या डॉक्टरांनीच करायची असते.

यादीतलं शेवटचं लक्षण अनेकजण मळ साचल्याचं समजून अंगावर काढतात. एका कानाचं ऐकणं एकाएकी गेलं तर स्टिरॉइडचा उपचार जितका लवकर सुरू होईल तितका उपयोगी असतो आणि दोन आठवड्यांनंतर त्याचा फायदा बराच कमी होतो. शिवाय कानाचा रक्तपुरवठा मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीच्याच शाखेतून होतो. म्हणून बहिरेपण आणि गरगर एकाच वेळी आली तर ती तातडीची बाब समजा.

दवाखान्यात जाण्याआधी कागदावर लिहा

- किती वेळ टिकते? सेकंद, मिनिटं, तास की दिवस?
- कशाने सुरू होते? कूस बदलल्यावर, वर पाहिल्यावर, उठून उभं राहिल्यावर, गर्दीत, की काहीच कारण नसताना?
- कानाचं काय? ऐकू कमी येतं का, आवाज घुमतो का, कान भरल्यासारखा वाटतो का, कोणत्या बाजूचा?
- कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत? रक्तदाब, साखर, झोप, प्रोस्टेट, सगळ्यांची नावं.

या चार उत्तरांवर बरंच काही ठरतं. ‘दोन महिने झाले, चक्कर चालूच आहे’ असं सांगणाऱ्याला नीट विचारलं तर गरगर प्रत्यक्षात वीस-तीस सेकंदच टिकते, फक्त ती रोज पाच-सहा वेळा येते आणि मधल्या वेळात डोकं जड राहतं, असं पुष्कळदा निघतं. सेकंदांत थांबणारी आणि दोन महिने सलग चालणारी चक्कर हे दोन वेगळे आजार आहेत, त्यांचे उपचारही वेगळे आहेत. म्हणून एक झटका घड्याळ लावून मोजा. शक्य असेल तर गरगरत असताना घरच्या कुणाला तरी मोबाइलवर तुमच्या डोळ्यांचं जवळून चित्रण करायला सांगा. आतल्या कानातून गरगर येत असेल तर बुबुळं एका विशिष्ट दिशेने झटके देतात, आणि ती दिशा पाहून कोणता कान, त्यातली तोलाची कोणती नळी हे डॉक्टर ओळखू शकतात. दवाखान्यात पोचेपर्यंत झटका संपलेला असतो, त्यामुळे हे चित्रण फाइलभर रिपोर्टांपेक्षा कामाचं ठरतं.

घरगुती निदानं: पित्त, लो बीपी, मणका

आपल्याकडे गरगरणाऱ्या माणसाला डॉक्टरांआधी घरचे, शेजारचे आणि मेडिकलवाले निदान देतात. पहिलं निदान पित्ताचं. उलटी झाली म्हणजे पित्तच, हा तर्क वरकरणी बरोबर वाटतो. पण इथे क्रम उलटा असतो. तोल सांभाळणाऱ्या मज्जातंतूंचा उलटी घडवणाऱ्या केंद्राशी थेट संबंध आहे. घाटात गाडी लागते तेव्हा पोटात काही बिघडलेलं नसतं, तरी उलटी होतेच. त्यामुळे आधी गरगरलं आणि मग उलटी झाली असेल तर पित्ताच्या गोळ्या घेऊन मूळ त्रास हलणार नाही. लो बीपीचा संशय तरी निदान मोजता येतो. पाच मिनिटं आडवं पडून रक्तदाब मोजा, मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला तर उभं राहण्याशी जोडलेली अंधारी खरी आहे. अशा वेळी पाणी कमी पडतंय का, औषधाचा डोस जास्त होतोय का, हे पाहावं लागतं. बसून एकदा मोजलेल्या ११० वर ७० ला ‘लो’ म्हणून सलाइन लावून घेण्यात अर्थ नाही. (मिश्री किंवा तंबाखूची सवय असलेल्यांनी आणखी एक पाहावं: निकोटिननेही गरगरतं आणि मळमळतं. निपाणीकडे तंबाखूची ओली पानं हाताळणाऱ्यांच्या तर ते कातडीतूनही अंगात भिनू शकतं.)

सर्वांत हट्टी निदान मणक्याचं. वर पाहिलं की गरगरतं, माळ्यावरचा डबा काढताना, दोरीवर कपडे वाळत घालताना गरगरतं, म्हणजे मानेचाच मणका घासलाय, असं ठरतं. एक्स-रे काढला की तो पुरावाही देतो, कारण पन्नाशीनंतर बहुतेकांच्या मानेच्या मणक्यांत थोडीफार झीज दिसतेच, चक्कर असो वा नसो. मग गळ्यात पट्टा येतो आणि पट्ट्याने आराम पडला म्हणून निदान पक्कं होतं. या तर्कात एक फट आहे. वर पाहताना मान हलते खरी, पण तिच्यासोबत डोकंही हलतं आणि डोक्यात कान आहेत. दोष कुणाचा हे कसं ओळखायचं? अंथरुणावर मान न वळवता संपूर्ण अंग एकाच वेळी कुशीवर वळवा. मान जागची हलली नाही आणि तरी गरगरलं, तर मानेवरचा आरोप टिकत नाही. पट्ट्याने बरं वाटतं तेही याचसाठी, की पट्टा डोकं हलू देत नाही. महिनोन्‌महिने पट्टा बांधून मानेचे स्नायू मात्र दुबळे होतात. मान दुखत असेल तर तिच्यावर उपचार जरूर घ्या, पण तो वेगळा त्रास म्हणून.

कूस बदलताना गरगरतं: खडे जागेवरून सुटले आहेत

सेकंदांत थांबणारी, अंथरुणावर वळताना, आडवं पडताना, उठताना किंवा वर-खाली पाहताना येणारी गरगर ही आतल्या कानाच्या चक्करेतली सर्वांत जास्त आढळणारी तऱ्हा. डॉक्टर तिला बीपीपीव्ही म्हणतात. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण एका पिशवीत चिकटलेले असतात. ते सुटून तोल मोजणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की डोकं थांबल्यावरही नळीतला द्रव हलत राहतो आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. पन्नाशीनंतर आणि स्त्रियांमध्ये हे अधिक दिसतं. तरुण वयात बऱ्याचदा डोक्याला मार लागल्याचं निमित्त असतं. दुचाकीवरून पडलेला मुलगा किंवा आखाड्यात डोक्यावर आपटलेला पैलवान चार दिवसांनी ‘कूस बदलली की गरगरतंय’ म्हणाला, तर त्याला अशक्तपणाची टॉनिकं देण्याऐवजी ही तपासणी करून घ्या. मार डोक्याला आहे, म्हणून मेंदूची तपासणी आधी.

तपासणीला यंत्र लागत नाही. डॉक्टर तुम्हाला बसवून डोकं एका बाजूला वळवतात, झटकन आडवं करतात आणि डोळे पाहतात. १९५२ मध्ये मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी ती मांडली. आजही निदान तिनेच होतं. हे कण एमआरआयवर दिसत नाहीत. त्यामुळे ‘एमआरआय नॉर्मल आहे, मग मला काही झालेलंच नाही का?’ हा प्रश्न उद्‌भवू नये. अमेरिकेतल्या कान-नाक-घसातज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये दिलेल्या आणि २०१७ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की या आजाराचं निदान स्पष्ट असेल तर सरसकट स्कॅन काढू नये आणि चक्करेच्या गोळ्यांवर भिस्त ठेवू नये. उपचार म्हणजे डोक्याच्या हालचालींनी कण होते तिथे परत नेणं.

‘नुसतं डोकं फिरवून आजार बरा होतो?’ ही शंका तुमच्याआधी डॉक्टरांनीच घेतली होती. अमेरिकेतील पोर्टलंडचे डॉ. जॉन एप्ली यांनी १९८० मध्ये ही पद्धत मांडली तेव्हा सहकाऱ्यांनी ती हसण्यावारी नेली. सविस्तर निबंध छापून यायला १९९२ उजाडलं. आज जगभर तिचाच वापर होतो आणि सर्वसाधारणपणे दहातल्या आठांना एक-दोन बैठकींत आराम पडतो. दुसरा आक्षेप असा, की गोळीनेही बरं वाटलं होतं. तेही खोटं नाही. पण हे कण काही आठवड्यांत बऱ्याच जणांत आपोआप विरतात किंवा सरकतात. गोळी त्या काळात चालू असते, म्हणून यश तिच्या नावावर जमा होतं.

कोणती बाजू हे डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टनी एकदा नक्की केल्यावर, आणि ही हालचाल त्यांनी तुमच्याकडून करून घेतल्यावर, पुढे गरज पडल्यास ती घरी करता येते. उजव्या कानासाठी ती अशी:

1. पलंगावर पाय लांब करून बसा. आडवं झाल्यावर खांद्यांखाली येईल अशी उशी मागे ठेवा. डोकं उजवीकडे ४५ अंश वळवा.
2. तसंच झटकन आडवे व्हा. खांदे उशीवर, डोकं किंचित मागे झुकलेलं. गरगर थांबेपर्यंत, आणि किमान ३० सेकंद थांबा.
3. डोकं न उचलता डावीकडे ९० अंश फिरवा. पुन्हा ३० सेकंद.
4. अंगासह डाव्या कुशीवर वळा, नाक गादीकडे येईल इतकं डोकं फिरवा. ३० सेकंद.
5. डाव्या बाजूनेच हळू उठून बसा, हनुवटी थोडी खाली ठेवा. लगेच उभे राहू नका.

डाव्या कानासाठी सगळं उलट. जवळ एक माणूस असू द्या, पोट भरलेलं नको, बादली हाताशी ठेवा. मानेची किंवा पाठीच्या कण्याची अलीकडे झालेली शस्त्रक्रिया, मानेचा गंभीर संधिवात, डोळ्याचा पडदा सरकणं, मानेतली रक्तवाहिनी अरुंद असणं, यांपैकी काही असेल तर घरी करू नका. करताना गरगरेल, कण हलत असल्याची ती खूण आहे. क्वचित ते दुसऱ्या नळीत शिरतात आणि गरगर बदलते, तेव्हा परत दाखवावं लागतं. दोन रात्री बसून झोपण्याचा जुना सल्ला आता दिला जात नाही.

तासांची आणि दिवसांची चक्कर

अचानक सुरू होऊन एक-दोन दिवस प्रचंड गरगरतं, पडून राहावं लागतं, मग आठवड्याभरात ओसरतं, पण ऐकू नीट येतं: ही तोलाच्या मज्जातंतूची सूज असू शकते. मात्र धोक्याच्या लक्षणांच्या यादीची सर्वांत जास्त गरज इथेच असते, कारण मेंदूचा झटका नेमकं हेच सोंग घेतो. वीस मिनिटांपासून अर्ध्या दिवसापर्यंत टिकणारी गरगर, सोबत एका कानात भरल्यासारखं वाटणं, घुमणं आणि कमी-जास्त होणारं ऐकू येणं हे मेनिएरच्या आजाराकडे बोट दाखवतं. फ्रेंच डॉक्टर प्रोस्पेर मेनिएर यांनी १८६१ मध्ये ही चक्कर कानातून येते, मेंदूतून नव्हे, असं दाखवलं. इथे ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची मोजणी, आवश्यकच आहे, आणि शक्यतो त्रास चालू असताना. मीठ कमी करण्याचा सल्ला मिळतो. त्याचा पुरावा फार भक्कम नाही, पण अपायही नाही. लोणचं, पापड, भडंग आणि मिसळीवरचं फरसाण यांना हात आखडता घेऊन महिनाभर फरक पडतो का पाहा.

उरली ती सर्वांत जास्त निसटणारी तऱ्हा: मायग्रेनची चक्कर. डोकं दरवेळी दुखतंच असं नाही, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही. लहानपणापासून गाडी लागते का, गगनबावड्याचा किंवा आंबा घाट उतरताना हमखास उलटी होते का, जागरण, उपास, कडक उजेड किंवा पाळीच्या आसपास त्रास वाढतो का, आई किंवा बहिणीला अर्धशिशी आहे का, हे डॉक्टरांना न विचारताही सांगा. पाच मिनिटांपासून तीन दिवसांपर्यंत ती कितीही टिकू शकते आणि तिचे उपचार कानाच्या नव्हे, अर्धशिशीच्या अंगाने होतात.

गोळ्या किती दिवस?

मेडिकलमधून पानभर गोळ्या आणून वर्षानुवर्षं घेणारे कमी नाहीत. प्रोक्लोरपेराझिन आणि सिनारिझिन या गोळ्या तीव्र गरगर आणि उलटी थांबवायला चांगल्या आहेत, पण दोन-तीन दिवसांपुरत्या. कानाकडून येणारा संदेश बिघडला की उरलेल्या माहितीवर तोल सांभाळायला मेंदू हळूहळू शिकतो, आणि या गोळ्या नेमकं ते शिकणं मंदावतात. साठीपुढच्यांना त्या महिनोन्‌महिने दिल्यास हात कापणं, चाल मंदावणं, चेहरा निर्विकार होणं अशी कंपवातासारखी लक्षणं येऊ शकतात. घरातल्या वयस्कर माणसाला अलीकडे कंप सुरू झाला असेल तर गोळ्यांची पाकिटं घेऊनच डॉक्टरांकडे जा. बीटाहिस्टिन तुलनेने निरुपद्रवी आहे, पण तिच्याबद्दलचा विश्वास पुराव्यापेक्षा मोठा आहे. मेनिएरच्या २२१ रुग्णांवर जर्मनीत नऊ महिने झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बीटाहिस्टिन आणि औषध नसलेली गोळी यांत फरक आढळला नाही. दोन्हीकडे झटके सारखेच कमी झाले. तुम्हाला तिचा गुण येत असेल तर ती फेकून द्यायला कुणी सांगत नाही. ‘किती दिवस घ्यायची आणि कशासाठी’ एवढं मात्र लिहून घ्या.

गोळीची खरी जागा व्यायामाने घ्यायची आहे. हाताच्या अंतरावर अंगठा धरून त्यावर नजर खिळवा आणि डोकं डावी-उजवीकडे हलवा, अंगठा स्पष्ट दिसत राहील इतक्याच वेगाने. एक मिनिट, दिवसातून तीन-चार वेळा. मग पाय जुळवून उभं राहणं, भिंतीजवळ टाचेला पंजा लावून चालणं, मग मोकळ्यावर चालणं. रंकाळ्याच्या काठी गर्दी नसलेल्या वेळी सोबत कुणाला घेऊन चालताना मधूनमधून डोकं वळवत राहिलात तरी तोच व्यायाम होतो. यावर हमखास आक्षेप येतो: व्यायामाने तर जास्तच गरगरतं! थोडं गरगरायलाच हवं. चूक जाणवल्याशिवाय मेंदू ती दुरुस्त करत नाही. पंधरा-वीस मिनिटांत ओसरणारी गरगर चालते. दिवसभर टिकली तर वेग कमी करा, व्यायाम बंद करू नका. झटका कधीच संपलेला असूनही तीन महिन्यांनंतर महाद्वार रोडच्या गर्दीत, रांगा लावलेल्या दुकानात किंवा मोबाइलवर बोट सरकवताना डोलल्यासारखं वाटत राहिलं तर त्यालाही एक नाव आणि उपचार आहे. मेंदू अतिसावध राहण्याची सवय सोडत नाही, असा तो प्रकार. ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून तो उडवून लावू नये, आणि रुग्णानेही घरात कोंडून घेऊ नये, कारण न फिरल्याने तो वाढतो.

बरं होईपर्यंत काय टाळायचं

- उसाच्या हंगामात गुऱ्हाळावर काहिलीजवळ उभं राहणं, विहिरीच्या काठावर वाकणं, शिडी, गच्चीचा कठडा.
- नदीत, विहिरीत पोहणं. आतल्या कानाचं काम मंदावलं असेल तर डोळे मिटून पाण्याखाली गेल्यावर वर कुठे आणि खाली कुठे हे कळत नाही.
- धार काढताना किंवा भांडी घासताना एकदम वाकणं. स्टूल घ्या.
- रात्री अंधारात न्हाणीघरात जाणं. कान दुबळा असतो तेव्हा डोळे तोल धरतात, म्हणून एक छोटा दिवा चालू ठेवा. जुन्या घरांतल्या उभ्या लाकडी जिन्याला दोर नको, घट्ट कठडा हवा.

कोल्हापुरात कुठे जावं

धोक्याची लक्षणं नसतील तर पहिला मुक्काम कान-नाक-घसातज्ज्ञ. मायग्रेन किंवा मेंदूचा संशय असेल तर न्यूरॉलॉजिस्ट. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपलं सीपीआर, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. तिथल्या कान-नाक-घसा विभागाच्या ओपीडीत केसपेपर काढून दाखवता येतं. तालुक्याच्या लोकांनी आधी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि ईसीजी करून घ्यावा. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत हे सगळं निःशुल्क आहे. सीपीआर वैद्यकीय शिक्षण विभागाखाली येत असल्याने तिथले शुल्काचे नियम वेगळे असू शकतात, हे ध्यानात ठेवून कागद घेऊन जा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कवच मुख्यतः दाखल होऊन घेतलेल्या, यादीतल्या उपचारांना असतं; ओपीडीतली तपासणी आणि एप्लीची हालचाल त्यात धरू नका. कुठेही गेलात तरी ‘आडवं करून डोळ्यांची तपासणी करणार का?’ हे नम्रपणे विचारा. कूस बदलताना गरगरतं असं सांगूनही ती न करता थेट स्कॅन सुचवला गेला तर दुसरं मत घेण्याचा तुम्हाला हक्क आहे.

कागदपत्रं, नोकरी आणि गाडी

खासगी रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनी बंधनकारक आहे. तुमच्या उपचारांच्या नोंदी मागितल्यास ७२ तासांत देण्याचं बंधन २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत आहे; ऑडिओमेट्रीचा आलेख तर दर वेळी मागूनच घ्या, कारण पुढची तुलना त्याच्याशीच होते. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांनी उंचीवरचं, फिरत्या यंत्राजवळचं किंवा भट्टीजवळचं काम काही काळ बदलून मिळावं असं वैद्यकीय पत्र लिहून घ्यावं. ईएसआयचा विमा असेल आणि हप्त्यांची अट पूर्ण होत असेल तर आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. तोलाचा आजार दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यातल्या यादीत स्वतंत्रपणे नाही. दोन्ही कानांचं ऐकणं ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं तरच श्रवणदोषाखाली प्रमाणपत्र मिळतं.

वाहन परवान्याच्या नमुना १ मध्ये फिट, अचानक शुद्ध हरपणं किंवा कोणत्याही कारणाने चक्कर येण्याचे झटके येतात का, असा सरळ प्रश्न आहे. बरेचजण डोळे झाकून ‘नाही’ लिहितात. पूर्वसूचना न देता येणारे मेनिएरचे झटके चालू असताना ते खोटं ठरेल आणि अपघात झाल्यास अंगाशी येईल. कूस बदलतानाच गरगरणाऱ्याची गोष्ट वेगळी, पण वळणावर मान वळवून मागे पाहताना गरगरत असेल तर ती थांबेपर्यंत दुचाकी घरीच ठेवा.

पुन्हा आली तर

सुटलेले कण जागेवर गेले तरी पुन्हा सुटू शकतात. पाच वर्षांत जवळपास निम्म्या लोकांना ते पुन्हा त्रास देतात. याचा अर्थ पहिला उपचार फसला असा नाही. ड जीवनसत्त्व कमी असलेल्यांना ते आणि कॅल्शियम दिल्यावर परतणाऱ्या झटक्यांचं प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटलं, असं २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोरियातील चाचणीत दिसलं. म्हणून वारंवार त्रास होत असेल तर ही एक रक्ततपासणी विचारून करून घ्या. गेल्या वेळी कोणती बाजू होती, कोणत्या हालचालीने आराम पडला आणि किती बैठका लागल्या, हे केसपेपरच्या मागे लिहून ठेवा. पुढच्या डॉक्टरांसमोर तोच कागद आधी काढा.